कोरियन आणि फिलिपिनो घरांतलं वळण आपल्यासारखंच असतं का?

तुमच्या मुलाचे दोन जवळचे मित्र, एक कोरियन, एक फिलिपिनो. त्यांच्या घरचं वळण आपल्यासारखंच असतं का, आणि फिलिपिनो लोक त्यातल्या त्यात मोकळे असतात हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. शिकागोच्या उपनगरात आमच्या दोन्ही बाजूंना हेच शेजारी आहेत आणि मुलं एकत्रच वाढली, म्हणून लिहिते.

आधी मोकळेपणाचं. माझ्या मते तो निम्मा इंग्रजीचा भास आहे. जपानी ताब्यातली वर्षं सोडली तर १८९८ ते १९४६ फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य. शाळा इंग्रजी, नर्सिंगचं शिक्षणही अमेरिकी धाटणीचं. म्हणून अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दार उघडल्यावर तिथल्या कितीतरी नर्सेस इथल्या हॉस्पिटलांत आल्या. आई फाडफाड इंग्रजी बोलते, घरात कराओके चालू असतो, आपल्याला वाटतं हे तर अमेरिकनच. आत जाऊन बघा. आजीचा हात घेऊन कपाळाला लावायचा. मोठ्यांशी बोलताना वाक्यात आदराचा 'पो' घालायचा. मोठी बहीण 'आते', मोठा भाऊ 'कुया', अगदी आपलं ताई-दादा. आणि मुलींवरचा पहारा? मैत्रिणीकडे रात्री राहायचं नुसतं नाव काढून बघावं! माझी आईसुद्धा इतकी कडक नव्हती.

कोरियन घरांची अडचण वेगळीच. १९६५ नंतर आलेल्यांत पदवीधर पुष्कळ होते, पण इथे ना त्या पदवीला किंमत, ना इंग्रजीचा सराव. मग किराणा, ड्रायक्लीनिंगची दुकानं. १९९२ च्या लॉस एंजेलिसच्या दंगलीत कोरियन लोकांची दुकानं जळली ती अशीच, बाराबारा तास उभं राहून चालवलेली. अशा घरात बँकेचं पत्र दहा वर्षांचा मुलगा वाचून दाखवतो, डॉक्टरांकडे तोच दुभाषा. बाहेर आईवडील त्याच्यावर अवलंबून, घरी मात्र आजोबांनी चमचा उचलल्याशिवाय त्याने जेवायला सुरुवात करायची नाही. या ओढाताणीत मुलं लवकर मोठी होतात आणि चिडकीही. नव्याने आलेल्या, शिकलेल्या कुटुंबांत हे बरंच कमी झालंय, तुमच्या ओळखीचं घर त्यातलं असेल कदाचित.

दोन्हीकडे मुलांवर आईवडिलांचं ऋण असतं, फक्त ते फेडायची जागा वेगळी. कोरियन घरात ते मार्कांत फेडायचं. शाळा सुटली की शिकवणी, शनिवारी बहुधा चर्चमध्येच भरणारी कोरियन शाळा. मुलांच्या शिक्षणासाठी आई त्यांना घेऊन परदेशात राहते आणि बाप सोलमध्ये एकटा कमावून पैसे पाठवतो, अशी कुटुंबंही आहेत. फिलिपिनो ऋण मात्र आईबापापाशी थांबत नाही, ते मामा-मावशा, चुलतभावंडं करत सगळ्या गोतावळ्यात पसरतं. शेजारणीच्या गॅरेजमध्ये एक मोठं खोकं कायम अर्धवट भरलेलं असतं: साबण, टॉवेल, स्पॅमचे (डबाबंद मांसाचे) डबे, चॉकलेटं. भरलं की जहाजाने मनिलाला. ते भरायला मुलांनीही हात लावायचा. नोकरी लागली की पहिल्या पगारातून धाकट्या भावंडांची फी, आणि याला कुणी त्याग वगैरे म्हणत नाही. हे उपकारांचं ऋण म्हणजे 'उतांग ना लोओब', आणि ते न स्मरणारा, यापरती शिवी नाही तिथे.

मला सगळ्यात टोचतं ते वेगळंच. मुलाचं मन बिघडलंय हे दोन्ही घरांत लवकर कबूल करत नाहीत. फिलिपिनो घरात तर हसतंखेळतं वातावरण असल्यामुळे ते बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही. तुमच्या मुलाकडून असं काही कानावर आलं तर 'त्यांचं ते बघतील' म्हणून सोडू नका.

बाकी येणंजाणं सोपं आहे. दोन्हीकडे चपला दारात काढा. फिलिपिनो घरी 'जेवलात का?' विचारतील, 'हो' म्हणालात तरी ताट येईलच. कोरियन आजोबांनी काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्या. आणि मुलांना राहायला बोलवायचं असेल तर मेसेज टाकू नका, आईला फोन करा, आजी घरात असेल तर तिच्याशीही दोन शब्द बोला. आमच्याकडे परवानगी मिळाली ती आजीकडूनच.