बाळाला आणायला परराज्यात जाताना

दत्तकासाठी नाव नोंदवलेल्या सरकारी पोर्टलवर बाळाची माहिती आली की ते बाळ आपल्यासाठी राखून ठेवायला फक्त ४८ तास मिळतात. सांगली-मिरजेतल्या बालरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा आणि वैद्यकीय अहवाल त्यांना दाखवूनच होकार द्या.

बाळ ओडिशा, झारखंडात असेल तर परतीचं तिकीट घाईने काढू नका, कागदांना दिवस वाढतोच. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश नंतर येतो. तोवर दत्तकपूर्व संगोपनाचे, म्हणजे आदेशाआधी बाळ तुमच्याकडे सोपवल्याचे, कागद हातातल्या पिशवीतच असू द्या, बॅगेत नको.

खरी काळजी दुधाची. बाळ राहत होतं त्या संस्थेत चालू असलेलीच दुधाची पावडर, त्याच मापाने, निदान पंधरा दिवस द्या. बाटलीचं निपलही तसंच घ्या, भोक मोठं असेल तर बाळाला ठसका लागतो. वर्षाच्या आतल्या बाळाला कौतुकाने गाईचं दूध पाजू नका.

संस्थेत बाळाला सांभाळणाऱ्या मावशींना नीट विचारा: झोपवताना थोपटता की मांडीवर हलवता? हाक काय मारता? ती हाक मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, भाषा वेगळी असते हो. बाळाचं वापरातलं दुपटं मागून घ्या आणि घरी आल्यावर लगेच धुऊ नका. त्या अनोळखी घरात तेवढा एकच वास त्याच्या ओळखीचा असतो.

ओवाळणं घरच्यांपुरतंच. भावकीला महिनाभर थांबवा.