काचेवरची मेमरी

प्रश्न : जुन्या कॉम्प्युटरात लोखंडी मण्यांची मेमरी असायची हे माहितीये, पण ‘थिन फिल्म’ मेमरी म्हणजे काय होतं? आणि ती गेली कुठे?

उत्तर : मणी म्हणजे फेराइटच्या (लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनलेल्या चुंबकीय पदार्थाच्या) बारीक रिंगा, हाताने तारेत ओवायच्या, डोळे फुटायची वेळ. थिन फिल्ममध्ये ओवणंच नाही. काचेच्या पट्टीवर व्हॅक्यूममध्ये निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची वाफ ठिपक्या-ठिपक्यांनी बसवायची, साधारण ८० टक्के निकेल, आणि बसवतानाच बाजूला चुंबकीय क्षेत्र ठेवायचं, म्हणजे त्या ठिपक्याचं चुंबकत्व एकाच रेषेत राहतं, या टोकाला तोंड केलं तर ० आणि त्या टोकाला केलं तर १. थर इतका पातळ की चुंबकत्व सगळं एकदम गर्रकन फिरतं, म्हणून स्पीड.

१९६२ च्या युनिव्हॅक ११०७ या कॉम्प्युटरमध्ये ही होती, पण फक्त १२८ शब्दांची (शब्द म्हणजे मशीन एका वेळी हाताळतं तो ०-१ चा गट)! सायकल, म्हणजे एकदा वाचून पुन्हा तयार व्हायचा वेळ, ०.६ मायक्रोसेकंद, त्याच मशीनच्या मण्यांच्या मेमरीला ४ लागायचे. गंमत म्हणजे मोठी मेमरी मण्यांचीच राहिली, कारण फिल्म महाग आणि सगळे ठिपके सारखे बनवणं कटकटीचं. मग १९७० ला इंटेलची ११०३ ही मेमरी चिप आली, आणि मणी काय नि फिल्म काय, दोघांचाही बाजार उठला.