नडगी दुखतेय? मग आधी एवढंच कर

पळायला लागून तीन आठवड्यांत नडगी धरली, थांबू का, असं विचारलंस. अगदी बंद नको करूस, पण अंतर वाढवणं आजच थांबव.

दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. हाडं, कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि सांध्यांचे अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे बंध) यांना महिने लागतात. म्हणून चौथ्या आठवड्यात अंगात जोर येतो आणि नेमकं तेव्हाच नवी मुलं सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाकडच्या फेऱ्या दुप्पट करतात. सगळ्यात जास्त दुखापती इथेच होताना बघितल्यात मी.

आता अंगठ्याने नडगीची आतली कड वरून खाली दाबत जा. वीतभर पट्टा दुखला तर बहुधा ताण आहे, आठवडाभर नुसतं चाल. पण बोटाएवढ्या एकाच जागी कळ आली, बसल्यावरही ठणकलं, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं बंद, सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

आणि घोटा मुरगळलाच तर:

- पहिले दोन-तीन दिवस मालीश नको. पार्क मैदानावर मुरगळला तेव्हा मी लगेच तेल लावून चोळून घेतला. संध्याकाळी चप्पलही चढेना.
- बर्फ कापडात गुंडाळून 15 मिनिटं, पाय उशीवर.
- चार पावलंही टाकता येईनात तर एक्स-रे काढ.

बूट, पट्टे, स्ट्रेचिंग सगळं नंतर बघू. पळणं परत सुरू केलंस की एक दिवसाआड, ऊन चढायच्या आत, मातीवर पळ. दाबून काय सापडलं ते उद्या कळव.