घाटात ब्रेकचे पेडल मऊ का पडते?

प्रश्न : माझ्याकडे बारा वर्षांची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. कणकुंबीहून चोर्ला घाट उतरून केरीला पोहोचेपर्यंत तिचे ब्रेकचे पेडल मऊ पडून खोल जाते. पुढच्या चाकांना मोठ्या ब्रेक डिस्क बसवाव्यात का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : डिस्कचा खर्च तूर्त थांबवावा. पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल आणि जळका वास येत असेल, तर पॅड (डिस्कवर दाबून चाक थांबवणारे घर्षणाचे तुकडे) तापलेले असतात. आपले पेडल मऊ पडते, त्या अर्थी ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे, सहज दबणारे बुडबुडे होत असावेत. हे ऑइल ओलावा शोषते (आणि खानापूरच्या पावसाविषयी मी आपल्याला काय सांगावे!). नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तो ओलावा मुरल्यावर १५५ अंशांच्या आसपास येऊ शकतो. म्हणून आधी ऑइल बदलून चारही चाकांच्या कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) वा ड्रमपाशी नळ्यांतील हवा काढून घ्यावी, रबरी नळ्यांना भेगा असल्यास त्याही बदलाव्यात आणि पुढच्या चाकांना चांगल्या प्रतीचे पॅड घालावेत. मोठ्या डिस्कला कॅलिपर बदलावे लागतात, बहुधा रिमही. शिवाय पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडतो, तो वेगळाच. ब्रेकवरचा भार कमी राहावा म्हणून उतारावर दुसरा गिअर मात्र सोडू नये.