दाढी राहू दे, पण मिशीचं आईशी बोललास का?

प्रिय मावशी,

मी मूळचा मिरजेचा. गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. शाळेत अब्राहम लिंकनबद्दल शिकवल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. येत्या ३१ ऑक्टोबरला, हॅलोवीनला, मी लिंकन व्हायचं आणि त्यानं माझ्यासोबत शिपाई होऊन हिंडायचं, असं आमचं ठरलंय. "बाबा, चिकटवायची दाढी नको, खरी वाढव," म्हणाला. मी शब्द दिला. एक सप्टेंबरपासून दाढी केलेली नाही.

खूप खाज सुटते. गालांवर मधेमधे केसच नाहीत, त्यामुळे आजाऱ्यासारखा दिसतो. बायकोला दाढी टोचते, ऑफिसात लोक बघतात. तेवढं मी निभावून नेईन. प्रश्न आईचा आहे. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो होतो, अंत्यदर्शनही मिळालं नाही. आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आईचा पहिला प्रश्न असतो, "अजून दाढी केली नाहीस?" गेल्या रविवारी ती बोलता बोलता गप्प झाली आणि फोन ताईकडे दिला. ताई नंतर म्हणाली, आई त्या दिवशी नीट जेवली नाही. मी समजावलं, अगं, नुसती सोंगाची दाढी आहे. तर म्हणते, "पितृपंधरवड्यात भुतांच्या सणासाठी असं तोंड करून बसायचं?"

मुलाला नाराज करू की आईला? दाढी काढून टाकू का?

– एक बाप, एडिसन

अरे, दाढी काढू नकोस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. खाज, गाल, बायको, ऑफिस, सगळं लिहिलंस. मिशीबद्दल मात्र एक अक्षर नाही. लिंकनला मिशी नव्हती. कानशिलापासून जबड्याच्या कडेनं उतरत हनुवटीखाली येणारी दाढी, आणि वरचा ओठ सफाचट. खरा लिंकन व्हायचं तर ३१ तारखेला तुला मिशी उतरवावी लागणार. आता आठव, तुझ्या आईनं तुझा ओठ मिशीवाचून कधी पाहिला?

दहाव्याला तू कृष्णाघाटावरून घरी परतलास तेव्हा. त्याआधीचे दिवस सुतकात वाढलेले खुंट, आणि मग तो उघडा ओठ. आपल्याकडे कित्येक घरांत बाप गेल्यावरच मुलगा मिशी काढतो, एरवी नाही. माझ्या वडिलांची मिशी मी आयुष्यात एकदाच नसलेली पाहिली, आजोबा गेले तेव्हा. मी सात वर्षांची होते. दारात टॉवेल गुंडाळून उभा असलेला माणूस मी ओळखलाच नाही, आईच्या पदराआड लपले. ते दोन पावलं पुढे आले आणि मी रडायला लागले. आज मी सत्तरीला आले, तरी तो ओठ डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे.

तू सोंग म्हणतोस, पण आई तुझ्या तोंडावर ते वाचतच नाही. तू तिकडे चालतोस, जेवतोस, मुलाला शाळेत सोडतोस, हसतोस, यातलं तिला काही दिसत नाही. आठवड्यातून एकदा हातभर अंतरावर धरलेल्या फोनमध्ये तिच्या वाट्याला फक्त तुझा चेहरा येतो. आणि तोच चेहरा तिला सध्या तीन वर्षांपूर्वीच्या दिवसांत नेऊन सोडतोय. त्यात पंधरवडा पितरांचा. तिच्या घशाखाली घास उतरला नाही, यात नवल नाही. "नुसती सोंगाची दाढी" या तुझ्या शब्दांनी तिचं दुःख अजून एकटं पडलं असणार.

म्हणून पहिलं काम हे. या शनिवारी तुझ्या सकाळी नऊ वाजता फोन लाव. मिरजेत तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतील, तिची दिवाबत्ती झालेली असेल. रविवारच्या गर्दीचा कॉल नको, ताई-भाचरं कुणी मधे नकोत. आणि पहिलं वाक्य दाढीबद्दल नको. "आई, मला असं बघून तुला बाबांचे दिवस आठवतात ना?" एवढंच विचार आणि थांब. ती रडेल कदाचित. रडू दे. तुला तिसऱ्या दिवशी पोहोचल्याची बोच आहे, ती तू मला कळवलीस. तिला कधी सांगितलीस का? सांग. माझा अंदाज आहे, तुम्ही दोघांनी हे बोलणं तीन वर्षं एकमेकांना जपण्यापायी टाळलंय.

मग मुलाला बोलाव. लिंकनच्या दाढीची गोष्ट आजीला त्यानं सांगायची, तू नाही. त्याला पुरती ठाऊक नसेल तर आधी तू त्याला सांग, कारण ही गोष्टच मुळी एका पत्राची आहे. १८६० साली लिंकन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते, तेव्हा त्यांना दाढी नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावातल्या ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीनं १५ ऑक्टोबरला त्यांना पत्र लिहिलं. तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी वाढवलीत तर पुष्कळ बरे दिसाल. मला चार भाऊ आहेत, त्यातले काही तुम्हाला मत देणारच आहेत, दाढी ठेवलीत तर उरलेल्यांनाही मी तयार करीन. लिंकननी चारच दिवसांत, १९ तारखेला, स्वतःच्या हातानं उत्तर पाठवलं. मला मुलगी नाही याचं वाईट वाटतं, तीन मुलगे आहेत, असं त्यात आहे. आणि पुढे तिलाच विचारलंय, आजवर कधी दाढी ठेवली नाही, आता एकदम ठेवली तर लोक त्याला वेडगळ नखरा नाही का म्हणणार?

बघ, तुला ऑफिसात जी शंका येते तीच त्यांना आली होती. तरी त्यांनी ठेवली. निवडून आल्यावर फेब्रुवारी १८६१ मध्ये शपथविधीसाठी वॉशिंग्टनला निघालेली त्यांची गाडी वेस्टफील्डला थांबली, तेव्हा गर्दीतून त्यांनी ग्रेसला बोलावून घेतलं आणि ही दाढी तुझ्यासाठी वाढवली म्हणून सांगितलं. पूर्ण दाढी असलेले ते अमेरिकेचे पहिलेच राष्ट्राध्यक्ष. त्या दोघांचे पुतळे आज वेस्टफील्डमध्ये उभे आहेत.

एका लेकराच्या शब्दाखातर वाढवलेली दाढी, हे तुझ्या आईला नातवाच्या तोंडून कळू दे. ते तिला तुझ्या दहा समजावण्यांपेक्षा लवकर पटेल.

"भुतांचा सण" म्हणाली त्यावर तिच्याशी वाद घालू नकोस, फक्त थोडी माहिती दे. हॅलोवीन म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ. त्याच्या दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोक आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात. आपल्याकडे वसईत, गोव्यात त्या दिवशी लोक दफनभूमीत जाऊन फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. भोपळे, सांगाडे, चॉकलेटं ही त्या सणाला तिकडे आलेली रूपं. पितरांना पान वाढणाऱ्या बाईला यातलं काही परकं वाटायचं कारण नाही. मात्र हे तिचं मन हलकं झाल्यावर सांग, आधी नाही.

आता मिशी. तिला न सांगता काढू नकोस, एवढं माझं निक्षून सांगणं आहे. फोनवरच स्पष्ट सांग की त्या एका दिवसासाठी मिशी उतरवावी लागेल, तुला चालेल का? आणि हे विचारताना नाही ऐकायची तयारी ठेव. ती हो म्हणाली तर ३१ तारखेच्या सकाळी काढ, त्याआधी नाही. काढताना मुलाला शेजारी उभा कर. बाप डोळ्यांदेखत बदलला की पोरं घाबरत नाहीत, बदलून एकदम समोर आला की बिचकतात. हे मी दारातल्या त्या सात वर्षांच्या मुलीच्या वतीनं सांगते. आणि त्या दिवशी आईला आधी फोटो पाठव, उंच हॅट, काळा कोट, शेजारी छोटा शिपाई, असा सगळा जामानिमा केलेला. नुसता उघडा ओठ तिला आधी दिसता कामा नये. यंदा दिवाळी त्यानंतर आठवड्याभरानं आहे. पहिल्या आंघोळीपर्यंत ओठावर खुंट आलेले असतील.

ती नाही म्हणाली तर मिशी ठेवायची. हो, लिंकन सोडून द्यायचा. तुला हे आवडणार नाही, पण आठ वर्षांच्या मुलाला "आजीला त्यानं आबांची आठवण येऊन रडू येतं" हे कारण नक्की समजतं, आपणच समजत नाही की त्याला समजतं. त्याचा शब्द मोडत नाही, कारण त्यानं खरी दाढी मागितली होती आणि ती तर आहेच. तू जनरल ग्रँट हो. भरघोस दाढी, मिशी, निळा लष्करी कोट. १८६४ च्या मार्चमध्ये लिंकननी आपल्या सगळ्या फौजा ज्याच्या हाती दिल्या, तो हा माणूस. मग उंच हॅट पोराच्या डोक्यावर. हुकूम लिंकननी द्यायचे आणि जनरलनी ऐकायचे, ही अदलाबदल तुझ्या मुलाला कदाचित मूळ बेतापेक्षाही भावेल.

दाढीचं तंत्र थोडक्यात. महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढ धर, म्हणजे ३१ तारखेपर्यंत तुझ्याकडे दोन-अडीच सेंटिमीटर दाढी असेल. लिंकनसाठी तेवढी पुरे. वस्तऱ्यानं कापलेल्या केसांची टोकं तिरपी, धारदार असतात आणि ती वाढताना कातडीला टोचतात, सुरुवातीची खाज त्याची. रोज कोमट पाण्यानं धू, नीट कोरडी कर आणि दोन थेंब खोबरेल बोटांच्या पेरांनी मुळाशी चोळ. साबण घासू नकोस, कातडी कोरडी पडून खाज वाढते. पुरळ किंवा पू दिसला तर मात्र डॉक्टरला दाखव. गालांवर केस नाहीत याची काळजी सोड. लिंकनची दाढी जबड्याच्या कडेनं होती, गाल मोकळेच होते, तेव्हा शेवटच्या दिवशी तुलाही गाल साफच करायचे आहेत. तोवर कुठेही कात्री लावू नकोस, कडासुद्धा सारख्या करू नकोस. ज्या जागा विरळ दिसतात त्यांच्यावर शेजारचे केस वाढून पडतात. उजव्या गालावर, तोंडाच्या कोपऱ्याजवळ, लिंकनना तीळ होता. तो बायकोच्या काजळाच्या पेन्सिलीनं काढून घे. तिला दाढी टोचते म्हणालास, मग सोंग सजवण्यात तरी तिचा हात असू दे. ऑफिसात साहेबाला एका वाक्यात खरं कारण सांग, मुलासाठी वाढवतोय. ज्यांच्या घरी पोरं आहेत ते पुढे काही विचारणार नाहीत.

खोट्या दाढीला मात्र कमी लेखू नकोस. माझे काका हौशी नाटकांची रंगभूषा करायचे. स्पिरिट गम लावून, केसांची एकेक पातळ बट हनुवटीखालून वर चिकटवत ते अर्ध्या तासात तरण्या पोराचा म्हातारा करत. प्रयोग संपल्यावर नट ती दाढी उतरवून ठेवायचा आणि घरी आईपुढे आपल्याच तोंडानं जेवायला बसायचा. खऱ्या दाढीला ती सोय नाही. ती दोन महिने घरातल्या प्रत्येकाला बघावी लागते, म्हणून ती का वाढवतोयस हे प्रत्येकाला आधीच कळायला हवं होतं. तुझी चूक झाली असलीच तर एवढीच.

एक शेवटचं. लिंकनना आपल्या उंच हॅटमध्ये कागद, पत्रं ठेवायची सवय होती. आईला सांग, नातवाच्या लिंकनला एक पत्र लिही. आपल्या हातानं, मराठीत, वहीच्या पानावर. काय लिहायचं ते तिचं ती ठरवेल. आबांची एखादी आठवण लिहील, नाहीतर लवकर दाढी कर म्हणून दटावेल. ताईला त्याचा फोटो पाठवायला सांग आणि तिकडे छापून घे. त्या संध्याकाळी हिंडून, पिशवी भरून घरी आलात की पायरीवर बसा, हॅटमधून ते पत्र काढ आणि पोराला वाचून दाखव.

तुझी,
मावशी