३४ ब्रास मुरूम कुठं जिरतो?

प्रश्न : काका, कळंब्याला आमच्या घराचं काम सुरू आहे. जोतं २५ बाय ३५ फुटांचं, प्लॉटला उतार असल्यानं भराव सरासरी ३ फूट. माझ्या हिशेबानं सव्वासव्वीस ब्रास होतात (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ठेकेदार म्हणतोय ३४ ब्रास मुरूम लागेल. शिवाय पायाचे १२ खड्डे खोदलेत, प्रत्येक ५ बाय ५ आणि ५ फूट खोल. वरचे ३ फूट काळी माती, खाली मुरूम लागला. ती माती भरावात चालेल ना? आमचे हे म्हणतात, सोड, भांडण नको. पण मी शाळेत गणित शिकवते, मला हे आठ ब्रास पचेनात.
— एक वाचक, कळंबा

उत्तर : ताई, गणित बरोबर आहे, फक्त मुरूम तीन मापांचा असतो. जमिनीत बसलेला, गाडीत भरलेला आणि कुटून बसवलेला. तुम्ही मोजला तो कुटलेला. डंपरमधनं येतो तो सुटा, म्हणजे फुगलेला. त्याचा ८ इंचाचा थर पसरून, पाणी मारून नीट कुटला की ६ इंचांच्या आसपास बसतो. तुमच्या २६ चे ३४ तिथंच झाले.

मला त्याचा आकडा जास्त वाटत नाही. कमी वाटतोय.

आता खड्डे बघा. बारा खड्ड्यांची खोदाई १५ ब्रास. फूटिंग आणि कॉलम त्यातली अडीच ब्रास जागा खाणार, उरलेले साडेबारा परत भरायचेच. तुमच्या घरचा चांगला मुरूम खालच्या दोन फुटांतला, म्हणजे ६ ब्रास. बाकीचे साडेसहा कशानं भरणार? बाहेरून आणायचे तर गाडीच्या मापानं आणखी आठ-साडेआठ ब्रास लागतील आणि ते त्या ३४ मध्ये नाहीत. म्हणजे एकतर काळी माती मुकाट्यानं खड्ड्यात परत जाणार, नाहीतर जोत्याला आल्यावर 'जादा काम' म्हणून वेगळा कागद पुढं येणार. भांडायचंच असेल तर यावर भांडा, तेही खड्डे उघडे आहेत तोवर. बुजल्यावर कुणाची टेप आत जात नाही.

काळी माती घराखाली नको. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची फरशी तिच्याबरोबर वर-खाली होते. मुरमाचा ढीग आणि काळीचा ढीग आजच वेगळा करायला सांगा. पोकलेनवाला एकदा दोन्ही कालवून बसला की मग निवडणं नाही. काळी न्यायला रानवाला सापडेल, नाहीतर बागेपुरती ठेवा.

मुरमाची गाडी आली की आधी हौदा आतून मोजा. 'दोन ब्रासची गाडी' हे गाडीचं नाव आहे, माप नव्हे. मागं एका साइटवर मी टेप लावली तर १० फूट बाय साडेसहा बाय पावणेतीन निघाली. पावणेदोन ब्रासच्या जरा वर. वीस खेपांत चार ब्रासला चाट. प्रत्येक खेपेचा वाहतूक पास बघा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आणि थर. कॉलमवर गेरूनं दर ६ इंचांवर रेघ मारा. रेघेपर्यंत कुटून झाल्याशिवाय पुढची गाडी रिकामी करू द्यायची नाही. मुरूम किती ओला हवा? मूठभर घेऊन दाबा. गोळा झाला पाहिजे, बोटानं दाबल्यावर दोन तुकडे झाले पाहिजेत आणि तळवा ओला राहता कामा नये. "पाणी सोडून ठेवतो, आपोआप बसतंय" असं ठेकेदार म्हणेलच. नुसत्या पाण्यानं वरचा थर बसल्यासारखा दिसतो, खालचा पोकळ राहतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. कसबा बावड्यात एका बंगल्यावर मी सुपरवायझर होतो. वास्तुशांतीचा मुहूर्त धरलेला, म्हणून तीन फूट भराव एका दिवसात ओतला आणि रात्रभर पाइप सोडून घरी गेलो. सकाळी वर चाललो तर रस्त्यासारखा टणक. दुसऱ्या पावसाळ्यात मालकीणबाईंनी बोलावून घेतलं. हॉलच्या कोपऱ्यात स्कर्टिंगखाली फट पडली होती. त्या काही बोलल्या नाहीत, पाच रुपयांचं नाणं त्या फटीत सरकवलं. नाणं आत गेलं. ते फरशी उखडली तेव्हाच निघालं.

प्रश्न : सर, डिप्लोमा करून नुकताच साइटवर लागलोय. तळघराची १० फूट खोदाई आहे, नदीपासून फार लांब नाही. मालक म्हणतात पावसाआधी उरका, कडेला आधार द्यायला वेळ नाही.
— नवा सुपरवायझर, कोल्हापूर

उत्तर : दीड मीटरच्या, म्हणजे ५ फुटांच्या खाली गेलास की कड उताराची हवी, पायऱ्यांची हवी, नाहीतर फळ्या आणि टेकू हवेत. काळ्या मातीची उभी कड मे महिन्यात भिंतीसारखी दिसते, तिच्या दिसण्यावर जाऊ नकोस. निघालेली माती काठावर रचू नको, डंपरही लांब उभा कर. रोज सकाळी माणसं उतरायच्या आधी काठानं चालत जा. काठाला समांतर केसाएवढी चीर दिसली तरी कुणाला खाली सोडायचं नाही.

पावसाचं म्हणशील तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे तुला पाठ असेलच. पण नदीकाठच्या खड्ड्याला तेवढा धीर नसतो, त्याआधीच तळातनं पाझर सुरू होतो. पंप आधी आणून ठेव. शेजारच्या घराची भिंत काठापासून किती फुटांवर आहे ते मोज, तो आकडा घालून मालकाला लेखी दे आणि पोचपावतीवर सही घे. सही होईस्तोवर पोकलेन बंद.