“मॅडम, हा सारखा मारधाडीचेच सिनेमे बघतो!”

समुपदेशक म्हणून काम करताना दहावीच्या वर्षात ही तक्रार माझ्याकडे हमखास येते. ओंकारची आईही तीच घेऊन आली होती. (नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.) वडील भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर, मुलगा पंधरा वर्षांचा. पूर्वी तोंडाची टकळी बंद नसायची, आता विचारल्याशिवाय बोलत नाही. क्लासला दांड्या मारतो म्हणून सरांचा फोन आलेला. रात्री मोबाइलवर तेच ते सीन चालू. “उद्या कुणाचं डोकं फोडून आला तर?” आईचा आवाज कापत होता.

तिची काळजी अनाठायी नव्हती. मुलं काय बघतात याकडे लक्ष हवंच. २०२४ पासून आपल्याकडे सिनेमांच्या ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या) प्रमाणपत्रात ७+, १३+ आणि १६+ असे वयाचे टप्पे आले आहेत, ते पालकांनी जरूर बघावेत. पण मूल एखादा सीन पुन्हा पुन्हा बघत असेल, तर तो कोणता आणि का, हे मला आधी विचारावंसं वाटतं.

ओंकारचा सीन होता ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’चा शेवट. जग वाचवण्यासाठी टोनी स्टार्क, म्हणजे सुपरहिरो ‘आयर्न मॅन’, अद्भुत रत्नांची ताकद वापरून चुटकी वाजवतो आणि त्यात जीव गमावतो. घरी बायको आहे, छोटी मुलगी आहे. हाणामारीबद्दल ओंकार चकार शब्द बोलला नाही. म्हणाला, “सगळे वाचले ना मॅडम. आणि तो कुणाला सांगत बसला नाही. करून टाकलं.”

मी विचारलं, “कुणालाच सांगितलं नव्हतं? तळ्याकाठच्या घरात, त्या रात्री?”

तो थांबला. सिनेमा त्याला पाठ होता, त्यामुळे आठवायला वेळ लागला नाही. या कामात पुन्हा पडायच्या आधी टोनी रात्री बायकोशी, पेपरशी, बोलतो. हे सगळं सोडून देता येईल, असंही म्हणून बघतो. सोडलंस तर तुला चैन पडेल का, असं तीच त्याला विचारते. “हो, पेपरला माहीत होतं,” ओंकार हळूच म्हणाला. नंतर बराच वेळ नखं कुरतडत बसला.

मग एकेक बाहेर आलं. वडिलांचा ओव्हरटाइम बंद झाला होता. हप्त्यावरून आई-पप्पांचं रात्री चाललेलं बोलणं त्याने ऐकलं होतं. क्लासचा दुसरा हप्ता त्याने भरलाच नाही. पाचशेच्या नोटा आईच्या तांदळाच्या डब्यात, ती पैसे ठेवते त्या पिशवीत परत सरकवून दिल्या. आईला वाटलं, आपलीच मोजदाद चुकली. क्लासच्या वेळात तो मित्राच्या भावाच्या दुकानात मोबाइलला काच चिकटवायला जायचा. रात्री ‘भूक नाही’ म्हणून एक पोळी कमी खायचा, धाकट्या बहिणीला पुरावी म्हणून.

घराबद्दलची ही माया त्याला सिनेमाने दिली असं मी म्हणणार नाही, ती त्याच्यात होतीच. सिनेमाने तिला रूप दिलं, आणि ते रूप खरोखर मोठं आहे. लग्नघर सोडून कोंडाण्याला निघालेल्या तानाजींची गोष्ट ऐकून आपणही असेच भारावलो होतो ना? पण पडद्यावरचा त्याग एका क्षणात उरकतो. ज्यांच्यासाठी तो करायचा, त्यांना तो हवा आहे का, हे विचारायला तिथे सवड नसते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात मग एवढंच पक्कं बसतं, की खरा माणूस एकट्याने सोसतो आणि कुणाला कळू देत नाही. मारामारीपेक्षा मला याची धास्ती जास्त वाटते.

म्हणून मी त्याला थेटच विचारलं, “आपण नसतो तर घरचा खर्च वाचला असता, असं कधी मनात येतं का?” तो ‘नाही’ म्हणाला, माझ्याकडे बघून. पुढच्या भेटींतही मी हे विचारत राहिले.

त्याच्या परवानगीने आई-वडिलांना बोलावलं. वडील आधी भडकले. “माझ्यासाठी पोराने शिक्षण सोडायचं?” मग आईने सांगितलं, की हेही महिनाभर कामावरून चालत येतायत, रिक्षाचे पैसे वाचवायला, आणि तिला सांगतात शेअर रिक्षा मिळाली. बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. त्यानंतर वडिलांनी कागद मागून घेतला आणि पगार, हप्ता, किराणा, भाडं सगळं मुलासमोर मांडलं. क्लासच्या सरांशी बोलून राहिलेली फी तीन हप्त्यांत भरायचं ठरलं. दुकानात जाणं बंद. बहिणीचा अभ्यास घ्यायचं काम ओंकारने आपणहून मागून घेतलं.

तुमच्या घरीही असा सिनेमावेडा असेल, तर एकदा त्याच्याशेजारी बसून त्याचा आवडता सीन बघा. ‘तू त्याच्या जागी असतास तर आधी कुणाशी बोलला असतास?’ एवढं विचारा आणि उत्तराची घाई करू नका. मात्र मूल जेवण टाळत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा ‘मी नसलो तर बरं’ असं काही बोलत असेल, तर ते सिनेमाचं खूळ समजू नका. त्याच दिवशी समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.